वैशूच्या हाती सुई दिली तेव्हा

माझी लेक वैशू पंधरा वर्षांची झाली आणि मुलांच्या विभागातले डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून हिला मोठ्यांच्या ओपीडीत जावं लागेल. आता तिचं इन्सुलिन तिलाच घ्यायला शिकवा." गेली सहा वर्षं अंधेरीच्या आमच्या खोलीत काचेची सिरिंज उकळून तिला रोज सुई देत होते ती मीच. लघवीतली साखर तपासायच्या नळीत रंग निळा राहिला की साखरेने विटकरी झाला, हेही मीच पाहायची. तिला मी कशालाच हात लावू दिला नव्हता. कारण कोणाला सांगितलं नव्हतं. डायबेटिस घेऊन वाढलेलं एकही मोठं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. ही पोर मोठी होईल, यावर माझा विश्वासच बसत नव्हता. गावच्या रवळनाथाला रोज गाऱ्हाणं घालायची, पण त्या दिवसांत, तू ऐकतोस तरी का, असं मनातल्या मनात त्याला विचारूनही बसले.

नव्या ओपीडीत डॉक्टरांनी वैशूला विचारलं, "किती युनिट घेतेस?" तिने माझ्याकडे पाहिलं, आणि उत्तर मी दिलं. पुढच्या प्रश्नालाही तेच झालं. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर मला रडू आवरेना. शेजारी पिकल्या केसांची एक कोळीण बसली होती. "काय झालं गं बाय?" तिने विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मी बारा वर्सांची होते तवापासून सुई घेते. आता नातू झालाय मला."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. मग विचारलं, "तुम्हाला सुई कोण देतं?"

"आई द्यायची. ती गेली त्या दिवशी माझी मला घ्यावी लागली. रडायला पण सवड नाय मिळाली. तू हायस तोवर पोरीला शिकव."

तिची तारीख खरं तर आदल्या दिवसाची होती. तिच्या मढ गावाहून येणारी बोट बंद होती, म्हणून ती आज आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिरिंज वैशूच्या हातात दिली. "आई, तूच दे ना," ती म्हणाली. माझा हात पुढे जात होता, तो मी पदरात घट्ट धरून ठेवला. "मी इथेच आहे," एवढंच म्हटलं. पहिल्यांदा तिने सुई मागे घेतली. दुसऱ्यांदा टोचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू देतेस त्यापेक्षा कमी दुखलं."

ती बाई पुढे ओपीडीत बरेचदा भेटली. तुमच्याआमच्यासारखीच होती, सुनेबद्दल कुरकुरायची. तिला देवाने पाठवलं, असं मी कोणाला पटवायला जात नाही. पण गाऱ्हाणं मात्र बदललं. लेकीला माझ्या हातून सांभाळून घे, असं आता म्हणत नाही. ती तिचं बघते आहे, तू तिच्या पाठीशी राहा, आणि मला हात मागे घ्यायचं बळ दे, इतकंच मागते.