उरलेल्या टेपवरचं गाणं

कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात मी सात वर्षं काढली. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, मी रेकॉर्डवरून टेपवर उतरवून द्यायचो. अशा ठिकाणी किस्से जमवावे लागत नाहीत, धुळीसारखे बसत जातात. झटकायला गेलं की आपल्याच डोळ्यांत जातात, म्हणून मी फारसा सांगत नाही. आता विचारलंतच, तर ऐका.

*

आमचे मालक तात्या. एकदा मुंबईहून त्यांनी जुन्या रेकॉर्डचा गठ्ठा आणला. त्यातल्या एकीवर बारा इंग्रजी बँड, प्रत्येकाचं एक गाणं. कव्हरवर 'न्यू वेव्ह', 'पॉवर पॉप' असलं कायकाय. तात्यांनी डिस्को समजून उचललेली! एक गाणं ऐकलं आणि म्हणाले, "भांडी आपटतायत काय रे हे?"

अख्ख्या नाशकात ती रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगणारा एकच निघाला. माझा वर्गमित्र मिलिंद, नगरपालिकेतल्या क्लार्कचा मुलगा. उभ्या उभ्या दोन्ही बाजू ऐकल्या.

"यांना यांच्या गावातही कुणी ओळखत नसेल," म्हणाला. "तरी काय जीव तोडून वाजवतायत बघ!"

दोन महिन्यांत पठ्ठ्यानं जुनी गिटार मिळवली.

*

कॉलेजच्या गॅदरिंगला नाव द्यायला आम्ही दोघं गेलो. सेक्रेटरी म्हणाला, "गिटार कशाला? तू भीमजयंतीची गाणी म्हण. मस्त म्हणतोस."

"तू कधी ऐकलंस?"

"ऐकायला कशाला पाहिजे? तुमच्या कॉलनीत सगळेच गातात ना!"

मिलिंद नुसता हसला. माझे हात शिवशिवले, पण मी गप्प बसलो. अजून लाज वाटते.

*

गाणी संपली तरी कॅसेटच्या शेवटी दोन-तीन मिनिटं टेप उरायची. गिऱ्हाइकं भांडायची, "कोरी ठेवलीत!" तात्यांचा हुकूम सुटला, "काहीही भर!" त्या बारा बँडांची गाणी होती आखूड, बरोबर बसायची. मग काय, देवीच्या आरतीमागून इंग्रजी ढोल!

वणीचे एक काका तणतणत आले. "देवीच्या मागं हे कोण बोंबलतंय?"

तात्या शांतपणे म्हणाले, "परदेशातले भक्त आहेत."

काका हात जोडून गेले!

*

मिलिंदनं मराठीत स्वतःचं गाणं केलं. दुपारी तात्या जेवायला गेले की दुकानातच आम्ही ते टेप केलं आणि मुंबईच्या एका कंपनीला पाठवलं. महिन्याभरात कॅसेट परत. सोबत पत्र, 'आपले गाणे लक्षपूर्वक ऐकले.'

डबीला मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. उघडलीसुद्धा नव्हती हरामखोरांनी!

मी म्हणालो, "मरू दे त्यांना. उरलेल्या टेपवर आता तुझंच गाणं भरतो."

"भर. पण शेवटचं कडवं तोडू नकोस. सगळं गाणं त्याच्यासाठी केलंय."

"बसेल रे!" मी म्हणालो. गाणं चार मिनिटांचं होतं.

*

पुढं मिलिंद सिन्नरला कारखान्यात लागला. गिटार सुटली. एक दिवस दुकानात आला, स्टुलावर बसला आणि सांगायला लागला.

"सकाळी जीपनं चाललो होतो. ड्रायव्हरनं देवीची गाणी लावलेली. ती संपली आणि माझं सुरू झालं."

"काय सांगतोस!"

"शेजारी एक मावशी होत्या. म्हणाल्या, 'कोण म्हनतंय रे हे? बरं वाटतंय.' ड्रायव्हर म्हणाला, 'कोन नाय मावशी. टेप संपंपर्यंत असतं कायतरी.'"

"मग? तू सांगितलंस ना?"

"सांगणारच होतो. म्हटलं, आधी कडवं होऊ दे. मावशींना म्हणालो, 'थांबा, आता पुढचं ऐका.' सगळी जीप गप्प झाली."

"आणि?"

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं.

"खट् झालं. ड्रायव्हरनं कॅसेट उलटली."