रंभाताई पोझितानोला गेल्या

गौरवने विचारलं तेव्हा चारुलता मेथी निवडत बसली होती.

"आई, एप्रिलमध्ये आम्ही इटलीला चाललोय. पोझितानोला. तू येतेस? राजसला तुझी सवय आहे."

"मला कशाला रे," ती म्हणाली. "गुडघे हे असे. तुम्ही जा मजेत."

मग तिने पुढची काडी उचलली आणि वाट पाहिली.

तिच्या माहेरी, सोलापुरात, जेवायला बसलेल्या पाहुण्याचं पहिलं 'नको' कोणी ऐकूनच घेत नसे. दुसऱ्या 'नको'ला हात पानावर आडवा यायचा आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर पोळी पानात पडायची. पाहुणा ती मिटक्या मारत खायचा. चारुलताचंही तेच. साडी असो नाहीतर सिनेमा, तिचा होकार दोन नकारांच्या मागे उभा असायचा. तिच्या नवऱ्याला, दत्तप्रसादला, हे उमगायला लग्नानंतर दोन वर्षं लागली होती. मुलगा मात्र इथे बहरीनमध्येच वाढलेला. त्याने विचारलं, उत्तर मिळालं, खलास.

आठवड्याने सून कश्मिरा म्हणाली, "माझी आई येतेय आमच्याबरोबर. मुंबईहून परस्पर रोमला. मी विचारलं तर म्हणाली, कधी निघायचं?"

"छान झालं," चारुलता म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

ओट्यावर तिचा रव्याचा डबा होता. शेजारच्या जमीलाने फार पूर्वी ईदला केक दिला होता, त्याचा हा पत्र्याचा डबा. झाकणावर चित्र होतं: समुद्रातून सरळ वर उठलेला कडा, आणि त्यावर एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी गुलाबी, पिवळी, पांढरी घरं. कडेला बारीक अक्षरांत गावाचं नाव. इतकी वर्षं चारुलता पोझितानोचं झाकण उघडूनच शिरा करत आली होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ तिसऱ्यांदा विचारल्यावर येणार होती.

फोटो येऊ लागले. कश्मिराची आई, वेंगुर्ल्याच्या रंभाताई, पंजाबी ड्रेस, पायात बूट, डोक्यावर गवती टोपी. कडेवर नातू राजस. मागे पायऱ्याच पायऱ्या. चारुलताने फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"कठडा दिसत नाहीये कुठे," ती म्हणाली.

"अजून मोठा करू नकोस," दत्तप्रसाद म्हणाला. "समुद्र सांडेल."

'राजसला टोपी घाला,' तिने लिहिलं. 'कडेला नेऊ नका.' कश्मिराने अंगठा पाठवला. त्यानंतर रंभाताईंचा आईस्क्रीम खातानाचा फोटो आला.

चारुलता बाल्कनीत जाऊन उभी राहिली. समोर त्यांच्या माहूज वस्तीतल्या इमारती, खाली उन्हात तापलेल्या गाड्या, आणि जमीन नजर पोचेल तिथवर पोळपाटासारखी सपाट. इथे चढायचं म्हणजे लिफ्टने. या सपाटीवर तिने संसार केला, शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, आणि कश्मिरा कामावर परत गेल्यावर ती नोकरीही सोडली. गौरव रोज सकाळी हमद टाउनच्या आपल्या घरून राजसला आणून सोडायचा. त्याचा भात मऊ किती, झोपताना कोणता कान चोळायचा, सगळं तिला ठाऊक. महिनाभर तो सोफा धरून उभा राहत होता, हात सोडत होता, आणि मटकन बसत होता. तिने टीपॉय हलवून तिथे जाड गालिचा अंथरला होता. त्याचं पहिलं पाऊल त्या गालिच्यावर पडायचं होतं.

गुरुवारी व्हिडिओ आला. निळ्या फरशीची गच्ची, पलीकडे समुद्र. रंभाताई खाली बसून हात पसरतात, "ये रे माझ्या सोन्या," आणि राजस, डुलत, हसत, चालत त्यांच्या अंगावर जाऊन पडतो. खाली कश्मिराने लिहिलं होतं, 'पहिली पावलं! आजीकडे!'

"पडला असता म्हणजे?" चारुलता म्हणाली.

"पडला नाही ना. त्याचंच वाईट वाटतंय का तुला?"

त्या दिवशी दत्तप्रसादला जेवण मिळालं, पण बोलणं मिळालं नाही.

परतताना रंभाताईही बहरीनला आल्या; सगळे विमानतळावरून थेट माहूजलाच आले. राजस रंभाताईंच्या खांद्यावर पेंगत होता. चारुलताने हात पुढे केले. त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड पुन्हा रंभाताईंच्या मानेत खुपसलं.

"झोपेत आहे तो. ओळखलं नाही त्याने," रंभाताई म्हणाल्या. हे त्यांनी म्हणायला नको होतं.

जेवताना रंभाताईंनी दुसरी पुरी एका विचारण्यात घेतली, तिसरी मागून घेतली. मग पिशवीतून मुठीत मावणार नाहीत अशी लिंबं काढली. "खास तिथली. याचं लोणचं तुमच्या हातचं हवं, विहीणबाई."

"साल जाड दिसतंय," चारुलता म्हणाली.

"आई, पुढच्या वर्षी परत जायचं म्हणतोय," गौरव म्हणाला. "तू येशील?"

"मला कशाला रे. इथे बाबांचं कोण बघेल?"

"ओके." त्याने फोन उचलला.

रंभाताईंनी पेला खाली ठेवला. "ओके काय? परत विचार."

"अहो, ती नाही म्हणाली ना."

"एकदाच म्हणाल्यात. विचार परत."

गौरव हसला. "आई, येशील का?"

"माझे गुडघे…"

"हं. अजून एकदा," रंभाताई म्हणाल्या.

आता गौरवने फोन पालथा ठेवला. "आई, ये ना गं."

नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराला आग्रह शिकवायला बाई वेंगुर्ल्याहून, तीही पोझितानो फिरून, यावी लागली.

"बघू," ती म्हणाली.

गौरवने रंभाताईंकडे पाहिलं. "म्हणजे हो का नाही?"

"हो म्हणतायत," रंभाताईंनी सांगितलं. "तिकीट काढ."

"मी सांगेन की माझं मी," चारुलता म्हणाली, जरा मोठ्यानेच. दत्तप्रसादचा घास हातात राहिला. "हो. येणार आहे मी. आणि पायऱ्यांवर राजस माझ्याकडे राहील."

मग तिने पुऱ्यांचं ताट उचललं आणि रंभाताईंपुढे धरलं.

"वाढू अजून एक?"

"वाढा," रंभाताई म्हणाल्या.