सातव्या झाडापुढचं ‘काय’

रविवार, दहा मे, सकाळी साडेआठ. हजर: अक्का, शेजारच्या मळ्यातल्या गौरम्मा, मी आणि बंगळूरच्या मारतहळ्ळीहून आलेले अकरा पाहुणे. गैरहजर: अण्णा, अक्कांचे यजमान. त्यांच्याशिवायचा हा पहिला रविवार. तो नीट पार पडला तरच हंगाम चालवायचा, असं मी आणि अक्कांनी ठरवलं होतं.

अण्णांना यादीचा तिटकारा. येलहंक्यापलीकडच्या त्यांच्या आंब्याच्या बागेत पाहुणे बोलवायचे, झाडाखाली उभं करून खिलवायचं, मग गौरम्मांकडे जेवायला बसवायचं, ही कल्पना त्यांची, कागद माझे. आंब्याचं नाव ते आधी सांगतच नसत. “आधी खावा, नाव मागनं. नाव ऐकून खाल्लं की जीभ खोटं बोलते.”

फवारणी त्यांनी कधी केली नाही. एका तरुण इंजिनिअरनं विचारलं, “अंकल, ऑरगॅनिक कशावरून?” अण्णांनी अळी पडलेला आंबा कापून त्याच्यापुढे धरला. “हिला विचारा. ही आमची इन्स्पेक्टर.”

गेल्या वर्षी मी हट्टानं झाडांची यादी केली. रसपुरी, बादामी, मल्लिका. सातव्याचं नाव अण्णा सांगेनात, म्हणून त्यापुढे लिहिलं ‘काय?’ आणि कागद त्यांच्या हाती दिला. तीन रविवार ते पाहुण्यांना त्या झाडावरून तसेच पुढे नेत राहिले. चौथ्या रविवारी बघते तर पोपटांनी सगळे आंबे फस्त केलेले.

“अण्णा, हे उतरवले का नाहीत?”

“तुम्हीच लिहिलंय की, काय म्हणून!”

अण्णांचं मराठी घरातलं, झाडांची भाषा कन्नड. आणि कन्नडात काय म्हणजे कच्चं फळ. उलगडा झाल्यावर ते पोट धरून हसले. “जन्मात एकदा यादी पाळली, तर हे! सरी, चालेल, पुढच्या वर्षी खावा. मग नाव सांगतो.”

जानेवारीत अण्णा गेले. पंधरा दिवसांत जमिनीचे दलाल दारात. अक्कांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, “मे महिन्यात पाहुणे यायचेत. बागेला सवड नाही.”

आज सातव्या झाडाचे आंबे उतरवले. पहिली फोड अक्कांनी माझ्या हातावर ठेवली. गोड, मागून किंचित बडीशेपेसारखी. पाहुण्यांनी कोयी चोखून पांढऱ्या केल्या आणि पुढच्या रविवारसाठी मित्रांची नावं लिहून दिली. हंगाम चालणार.

आंब्याचं नाव मात्र गौरम्मांना ठाऊक नाही, अक्कांनाही नाही.

“आधी खाल्लंत ना?” अक्का म्हणाल्या. “आता शोधा.”

आजच्या यादीतल्या बाकीच्या सगळ्या कामांवर खूण झाली. एक राहिलं. झाड सातवं: काय?