हद्दीवर ठेवलेला स्पीकर

माणसांनी अजून नासवली नाहीत अशी जंगलं आणि पाणथळी दाखवतो, असं त्या सहलीच्या जाहिरातीत लिहिलं होतं. तीन दिवस, सोबत जाणकार गाइड, वारज्याहून मिनीबस. हिंजवडीतल्या माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी ती टाकली आणि मी नाव नोंदवलं. सुट्टी काढून, स्वतःच्या कमाईवर, नुसतं काहीतरी बघायला जाणारी आमच्या घरातली मी पहिली. कॉलेजात जाणारीही मीच पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

वडिलांचं मात्र बसमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या चंद्रपूरकडे कोंबडबाजार भरतो. तिथे माझे वडील झुंजीच्या कोंबड्यांच्या पायाला काती बांधायचे. काती म्हणजे बोटाएवढं धारदार पातं. लहानपणी मी ते सगळं फार जवळून पाहिलं आहे.

पहिल्या दिवशी तळ्यावर भोवत्या नावाच्या शिकारी पक्ष्यानं चांदवा नावाच्या एका काळ्या पाणपक्ष्याला पाण्यातच धरलं. पाठीत नखं रुतवून तो त्याला बुडवत राहिला. मग काठावर ओढून, चांदवा अजून पाय झाडत असतानाच, त्याला फाडायला लागला. दोघीतिघींनी तोंड फिरवलं. मी बघत राहिले. त्याला भूक लागली होती. पोट भरल्यावर तो उडून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जंगलात होतो. गाइड तिशीचा, पूर्वी माझ्यासारखाच कंपनीत नोकरी करणारा. त्यानं आम्हा आठ जणांना पायवाटेच्या कडेला झुडपाआड बसवलं आणि समोरच्या गवतात एक छोटा स्पीकर ठेवला.

"इथे दोन रानकोंबड्यांची हद्द मिळते," तो हळूच म्हणाला. "एक्झॅक्ट बॉर्डरवर ठेवायचा. दोघंही येतात. दोघांनाही वाटतं, समोरचाच घुसलाय. फाइटचा शॉट गॅरंटीड."

माझ्या शेजारी पेठेतले एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी तोफेएवढी लेन्स सरळ केली.

स्पीकर आरवला. डावीकडून एक कोंबडा आला, मग उजवीकडून दुसरा, त्याच्याहून धाकटा. ठिपक्यांची मान, कोयत्यासारखी शेपटी. क्षणभर ते थांबले आणि मग एकमेकांवर आदळले. पायांना कुणी पातं बांधलं नव्हतं, पण निसर्गानं दिलेलं नख पुरेसं होतं. पिसं उडाली. आजूबाजूला कॅमेरे धडाधड वाजत होते. धाकट्याचा डावा डोळा पहिल्या दोन मिनिटांतच गेला. रक्त चोचीवरून गळायला लागलं. तो वळला आणि पळायला निघाला.

तेवढ्यात स्पीकर पुन्हा आरवला. तो थांबला, फिरला आणि परत गेला.

असं तीनदा झालं. कोंबडबाजारातसुद्धा पाठ दाखवलेल्या कोंबड्याला मालक उचलून घेतो. तिथं ती झुंज संपते. इथे तिसराच एक कोंबडा गवतात न थकता आरवत होता, आणि तो कधीच हरणार नव्हता.

"बंद करा न ते," मी म्हणाले.

"मॅम, चिल. नॅचरल बिहेवियर आहे."

"तो पळतो आहे. त्याला पळू द्या."

काका लेन्समधून डोळा न काढता म्हणाले, "अहो ताई, आपण पक्षी बघायला आलात की त्यांचा निवाडा करायला?"

"दोन मिनिटं, मॅम. मागच्यांना शॉट मिळू दे."

मी उठले, गवतात गेले आणि बुटाच्या टाचेनं तो स्पीकर फोडायला लागले. दोन दणक्यांत फुटला नाही म्हणून दगड घेतला. गाइड धावत आला, त्यानं माझा दंड पकडला. मी त्याला असा धक्का दिला की तो काट्यांत बसला. मोठा कोंबडा उडून गेला. धाकटा तिथेच पडला होता. गळा फाटला होता, श्वास घेताना रक्ताचे बुडबुडे येत होते. उशीर झाला होता हे मला बघताक्षणीच कळलं. कळायला मला डॉक्टर लागत नाही. मी त्याला उचललं, छातीशी धरलं आणि मान पिरगाळली.

इतक्या वेळात पहिल्यांदाच सगळे कॅमेरे थांबले. एक बाई रडायला लागल्या.

काका म्हणाले, "ताई, आपल्या गावाकडे हे असंच करतात वाटतं."

"हो. आमच्याकडे अर्धं मारून फोटो काढत बसत नाहीत."

गाइड पँटमधले काटे उपटत होता. "मॅम, हा प्रोटेक्टेड बर्ड आहे. तुमच्यावर केस होईल. मी बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. इथेच पुरून टाकू."

"केस होऊ दे," मी म्हणाले. "नाक्यावर बस थांबवा. मीच सांगते."

बस निघाली. कोंबडा माझ्या ओढणीत होता आणि शेजारची सीट रिकामी झाली होती. वनखात्याच्या नाक्यावरच्या गार्डनं ओढणी उघडून पाहिली आणि कोरा कागद पुढे केला. माझ्या वडिलांनी पोलिसांच्या अशाच कोऱ्या कागदावर एकदा अंगठा दिला होता; वर काय लिहिलं गेलं ते त्यांना वाचता आलं नाही. मी बाकावर बसून दीड पान लिहिलं. कोंबडा मी मारला, हे पहिलं वाक्य. स्पीकर कुणी ठेवला, कुठे आणि का ठेवला, हे त्याच्या खाली.

गार्ड म्हणाला, "साक्षीदाराची सही पाहिजे."

मी काकांसमोर कागद धरला.

"मी कसा सही करणार? मी काही पाहिलं नाही. मी कॅमेऱ्यातून बघत होतो."

"मग फोटो द्या."

त्यांनी कॅमेरा बॅगेत घातला आणि चेन ओढली.

"राहू द्या, तुमची एकटीची चालंल," गार्ड म्हणाला. मी सही केली आणि नावापुढे बी.एस्सी. लिहिलं. तिथं ते कुणी विचारलं नव्हतं.