पाळण्यातलं गाठोडं

इतक्या वर्षांच्या नोकरीतली ती एक दुपार आठवली की अजून अंगावर काटा येतो. मी तेव्हा पोलीस हवालदार होते. शहरात बेवारस पिशवी दिसली तरी ठाण्याचा फोन वाजायचा, असे ते दिवस.

फोन नव्या कलेच्या संग्रहालयातून आला. तिथल्या कायमच्या दालनात एक लाकडी पाळणा टांगलेला होता. रिकामा. मोटरवर आपोआप हलत राही, तीच कलाकृती. त्या दिवशी त्यात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड दिसलं. आम्ही लोकांना अंगणात काढलं, फाटक लावलं, बॉम्बशोधक पथकाला कळवलं.

दालनाचा रक्षक पन्नाशीचा, खडकीचा मुसलमान. आमच्या ठाण्याच्या साहेबांनी त्याच्या छातीवरचं नाव दोनदा वाचलं.

"गाठोडं कोणी ठेवलं?"

"माहीत नाही, साहेब. पण घातक नाही त्यात काही."

"माहीत नाही, पण घातक नाही! ज्योतिष बघतोस का? गाडीत बसवा याला."

 त्याची नजर मात्र सारखी खिडकीतून अंगणाकडे जात होती. स्वतःला वाचवणारा माणूस दाराकडे बघतो. हा दुसऱ्या कोणाला तरी सांभाळत होता. मी साहेबांकडे दोन मिनिटं मागितली. चारचौघांत बोलायला मला नेहमीच जड जायचं. तरी अंगणात जाऊन ओरडून सांगितलं, "पथक येतंय. गाठोडं आहे तिथेच फोडणार आहेत."

"अहो, फोडू नका!" एक बाई गर्दीतून पुढे आल्या. मागे त्यांची सून, पोटुशी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "वरवंटा आहे तो. घरून आणला आणि बारशाला ठेवतो तसा ठेवला. रिकामा पाळणा हलवतात का कुठे? हिचं दोन वेळा पोटातलं मूल गेलंय हो."

"आई, मी नको म्हटलं होतं," सून पुटपुटली.

पथकाने रीतसर तपासलं. वरवंटाच निघाला.

रक्षकाला बसवलेल्या गाडीचं दार मी उघडलं. "आधी का नाही बोललात?"

"मावशींनी सुनेची शपथ घातली होती," रक्षक म्हणाला. "आणि माझ्या तोंडून ते तुम्हाला पटलं असतं?"

"उतरा खाली," साहेब एवढंच म्हणाले.

व्यवस्थापक त्याला कामावरून काढायला निघाले होते. साहेबांनी ऐकवलं, "काढा की. मग दारात माणूस कशाला, दगडच उभा करा." नोकरी राहिली.

चौकशीत कोणी गप्प बसलं की आम्ही त्याचा गुन्हा शोधायचो. त्यानंतर मी आधी बघू लागले, हा गप्प आहे तो कोणासाठी.