एसीच्या खोलीचं दार

यंदा एप्रिलमध्ये तुमच्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ऊन लागलं. त्या घराबाहेर पडल्याही नव्हत्या. पत्र्याखाली बसल्या बसल्याच लागलं. केजच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात पुन्हा असं झालं तर अवघड आहे, खोली थंड ठेवा. हे तुमच्या बाबांना कळलं आणि त्यांनी आठवड्याच्या आत एसी पाठवला.

बसवणारा माणूस भिंतीला भोक पाडून, रिमोट हातात देऊन गेला. सोबतची इंग्रजी पुस्तिका मी पहिल्या पानापासून वाचली. हायस्कूलवर इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे पुस्तिका समजत होती. एसी समजत नव्हता. आपल्या घरात पंख्याचा आकडा वाढवला की वारा वाढतो. फ्रीजमधली चकती पुढे सरकवली की गारठा वाढतो, इस्त्रीची सरकवली की धग वाढते. एसीचा आकडा वाढवला की मात्र गारवा कमी होतो, आणि वीजही कमी लागते. मला हे वाचून पटलं, तुमच्या आजोबांना पटलं नाही. आईला गार वाटावं म्हणून त्यांनी मोठ्या मनानं आकडा तीसवर नेला. सासूबाई घामाघूम झाल्या.

"तीसवर लावलाय, तरी गार करीना," आजोबा म्हणाले. "फसवलं बघ आपल्याला."

त्यांना दाखवायला म्हणून मी अठरा केलं. थोड्या वेळानं सासूबाईंनी गोधडी मागितली. एक यंत्र त्यांना गार करत होतं आणि त्यातून वाचायला त्या गोधडी पांघरत होत्या. यात शहाणपणा कुठला, हे मला कळेना, म्हणून तुम्हाला फोन केला. तुमच्यातली धाकटी म्हणाली की सव्वीसवर ठेव, पंखा हळू सोड, आणि मुख्य म्हणजे दार घट्ट लाव, नाहीतर गारवा निघून जातो आणि मशीन थांबतच नाही. पुस्तिकेतही तेच होतं.

मी तसंच केलं. रस्त्याकडचं दार लावून घेतलं, खालच्या फटीत जुन्या लुगड्याची गुंडाळी बसवली, आजोबांना मागच्या दारानं ये-जा करायला सांगितलं. खोली अगदी हवी तशी झाली. ना घाम, ना गोधडी.

आणि सासूबाईंचं जेवण तुटलं. आधी भाकरी अर्धी राहिली, मग नुसतं दूध, मग दुधालाही त्या तोंड फिरवायला लागल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. खात नाहीत तर अंगात ताकद कुठून येणार, एवढंच ते म्हणाले. मी आकडा पंचवीस करून पाहिला, सत्तावीस करून पाहिला. जाळी काढून धुतली. एसीची हवा भूक मारते असं आजोबांच्या एका मित्रानं सांगितलं, तेही मला खरं वाटायला लागलं. एक दिवस मशीन बंद ठेवलं, तर दुपारपर्यंत त्यांचं अंग तापलं. घाबरून पुन्हा चालू केलं. चालू ठेवावं तर खात नाहीत, बंद ठेवावं तर ऊन लागतंय. नक्की काय चुकतंय, ते सापडेना.

एका सकाळी मी त्यांची वेणी घालत होते. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "गल्लीत कुनी ऱ्हायलं का न्हाई गं?"

सगळे आहेत की, मी म्हटलं.

"मग येईनात कावून? कुनाशी भांडलात का तुमी?"

भांडण कुणाशीच नाही, गारवा जाऊ नये म्हणून दार लावलंय, असं मी समजावून सांगितलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"मी जित्ती हाय, हे ठावं हाय का त्यान्ला?"

मी वेणी तशीच सोडून समोरच्या घरी गेले. तिथली सून सहा महिने नवऱ्याबरोबर ऊसतोडीला असते आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत येते. परत आली की रोज सासूबाईंजवळ बसून तिकडच्या गोष्टी सांगायचा तिचा नेम. यंदा ती एकदाही आली नव्हती. मी विचारलं तेव्हा ती पीठ मळत होती. हात थांबला नाही आणि मान वर झाली नाही.

"बाई, पयल्या दिशी वाटलं तुमी गावाला गेलात. दुसऱ्या दिशी आतून मशीनचा आवाज आला. मानसं घरात हायत अन् दिवसाढवळ्या दार लावून बसलीत, मंग आमी काय समजावं? आता गार हवेत बसनाऱ्यांच्या घरी धुळीचे पाय घेऊन कसं यावं."

आपल्या गल्लीत माणसं घरात असताना दिवसा दार लावत नाहीत. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून हे मला ठाऊक आहे. पण वीज वाचवायच्या नियमात गल्ली कुठं बसवायची, ते पुस्तिकेत नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. घरी आले तरी गोंधळ तोच. दार उघडावं तर वीज वाया आणि खोलीत झळा. लावावं तर म्हातारीचं अन्न तुटतंय. आजोबांचं म्हणणं, दार उघडं ठेव आणि तीसवर लाव.

सासूबाईंचं जेवण तुटल्याचं मी निघताना समोरचीच्या कानावर घातलं होतं. दुपारी ती स्वतःच आली. तिच्याबरोबर तिची जाऊ होती आणि दोघींमध्ये एक अर्धी शिवलेली गोधडी. त्या आत येऊन फरशीवर बसल्या, तेव्हा मी त्यांच्या मागं दार लावलं. दार लागलेलं सासूबाईंना दिसलं, पण त्यांचं लक्ष टाक्यांकडं होतं.

"लई लांब लांब घालायलीस," त्या म्हणाल्या. "पोराचं बोट अडकंल त्यात."

जाऊबाईनं ते टाके उसवले. समोरचीनं दुधात भाकरी कुस्करून वाटी पुढं केली आणि सासूबाईंनी टाक्यांवरची नजर न काढता ती संपवली.

तेव्हापासून सकाळी दार सताड उघडं, मशीन बंद, नुसता पंखा. झळा सुरू झाल्या की गल्लीतल्या बायका कामं घेऊन येतात आणि मग दार लागतं. आता इतकी माणसं खोलीत असली की मशीनला जास्त राबावं लागतं, असं पुस्तिका सांगते. पण त्या इथं असतात तेव्हा त्यांच्या घरचे कूलर बंद असतात. पूर्वी दुपारी गल्लीतले सगळे कूलर चालू झाले की विजेचा दाब उतरायचा आणि एसी मधेच बंद पडायचा, तो आता पडत नाही. मग ही बचत झाली की उधळपट्टी? मी दोनदा विचार करायला बसले आणि दोनदा वेगळं उत्तर आलं. मीटर आपलं आहे, तेव्हा ही उधळपट्टीच, असं आजोबा म्हणतात, आणि चटई घेऊन त्याच खोलीच्या कोपऱ्यात झोपतात. तुम्हीच सांगा, तुम्ही हे शिकला आहात.

काल बायका बसल्या, मशीन सुरू झालं आणि मी कडी लावायला गेले.

"थांब माय," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. "गिरनीवाल्याची सून यायची हाय अजून. ती येऊ दे, मंग लाव."

मी दार अर्धं धरून उभी राहिले. तोंडावर झळा, पाठीला गारवा. गिरणीवाल्याची सून लांबून डोक्यावर पदर घेऊन येताना दिसत होती. तिला घाई नव्हती.