कमिटी येणार म्हणून

आमच्या कापाला, म्हणजे कापितोलिना येगोरोव्हनाला, सरकारकडून आयुष्यात दोनच गोष्टी मिळाल्या. एक पदक आणि एक खोली. पदक बटणांच्या डब्यात आहे आणि खोलीत ती राहते. भिंतीपलीकडे मी. इतकी वर्षं झाली की ती खोकली तरी मला कळतं, सर्दी झाली आहे की राग आला आहे.

सतराव्या वर्षी ती नदीकाठच्या लाकूड कारखान्यात आली आणि छत्तीस वर्षं करवतीपुढे उभी राहिली. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. "त्यांनी मला खोली दिली, मी त्यांना बोटं दिली. फिटंफाट," असं ती हसत सांगायची. पुढे कारखाना बंद पडला, लोकांनी त्याच्या खिडक्यासुद्धा काढून नेल्या. तरणे होते ते शहरात गेले. कारखान्याच्या या दुमजली लाकडी घरात आम्ही तिघं उरलो: कापा, मी, आणि समोरच्या खोलीतला ग्लेब कुझ्मिच. तो घरं उबवणाऱ्या मातीच्या भट्ट्या लिंपतो आणि उरलेला वेळ टोमणे मारतो.

घर एका अंगाने नदीकडे खचलं आहे. कापाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत अशी भेग गेली आहे की हात घातला तर बाहेरची हवा लागते. पाणी कोपऱ्यावरच्या पंपाचं, संडास परसात. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच पंपापाशी बर्फावरून ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिचंही पाणी मी आणते. मीही काही सोळा वर्षांची नाही. म्हणून कापाला एकच हवं होतं: घर धोकादायक ठरावं आणि तालुक्याच्या गावी एक खोली मिळावी, घरात नळ आणि घरातच संडास असलेली. मरण्याआधी एकदा तरी उबेत बसून आंघोळ करायची, एवढंच.

तिने मॉस्कोला पत्र लिहिलं. ते मॉस्कोहून प्रांतात आलं, प्रांतातून तालुक्याला, आणि तालुक्यातून आमच्याच गावच्या ऑफिसात, ज्या साहेबाची तक्रार केली होती त्याच्याच टेबलावर. त्याने उत्तर पाठवलं की तक्रारीची दखल घेतली आहे.

"वरच्यांना कळतच नाही गं फाया," कापा मला म्हणाली. "हे खालचे त्यांच्यापर्यंत काही पोचू देत नाहीत."

"का, वरच्यांना खिडक्या नाहीत?" दारातून कुझ्मिच.

"तू गप रे. तुझ्यासारख्यांनीच देश बुडवला."

"मी? मी तर साधं भट्टीचं भोक बुजवतो, येगोरोव्हना."

तिने आणखी तीन पत्रं लिहिली. चौथ्यानंतर कुठल्या देवाला पाझर फुटला कोण जाणे, कागद आला: गुरुवारी अकरा वाजता कमिटी घर पाहायला येणार.

सोमवारपासून कापा पाय ओढत कामाला लागली. चुना कालवला. काळ्या पडलेल्या कोपऱ्याला तिने भिंतीचा नवा कागद लावायला काढला. तो शहरात गेलेल्या तिच्या मुलीच्या लग्नापासून कपाटावर गुंडाळून पडला होता. कुझ्मिच बघतच राहिला.

"येगोरोव्हना, डोकं ठिकाणावर आहे का? त्यांना घर पडकं दिसायला हवं! कोपरा काळाच राहू दे. सांडपाण्याची बादली मधोमध ठेव. भट्टी पेटवू नकोस."

"म्हणजे परके लोक येऊन म्हणतील, कापितोलिना डुकरासारखी राहते? छत्तीस वर्षं माझं नाव कारखान्याच्या मानाच्या फळ्यावर होतं."

"मग आता नाव घेऊन बस इथेच."

"फाया, तूच सांग याला काहीतरी!"

खोटं कशाला सांगू, मी कापाच्याच बाजूने बोलले. माणसं घरी येणार आणि आपण घाण दाखवायची, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. खळ मीच शिजवली, कागदही मीच धरला. आणि भेगेवर आम्ही दोघींनी मिळून तिच्या आईचा लाल गालिचा टांगला. गुरुवारी सकाळी भट्टी दोनदा पेटवली. कोबीचं सारण भरून पाव भाजला. कापाने पदक लावलं.

कमिटी म्हणजे एक तरुण बाई आणि टॉर्चवाला एक साहेब. दारातच दोघांनी बूट काढले. कापाला ते फार आवडलं.

"अय्या, आजी, किती छान ठेवलंय तुम्ही!" ती बाई म्हणाली. "आमच्या ऑफिसातसुद्धा एवढी ऊब नसते."

साहेबाने थर्मामीटर बघितला: बावीस. भिंतीवर टकटक केलं, तेही नेमकं गालिच्याच्या शेजारी, गालिच्यामागे नाही. मग पाव खाल्ला. दोन तुकडे.

"भिंतीबद्दल काही तक्रार, आजी?"

कापाने माझ्याकडे पाहिलं. ॲप्रनच्या टोकाशी तिचा चाळा चालला होता. मला वाटलं, आता ती उठेल आणि गालिचा खाली ओढेल. माझ्याही जिभेवर आलं होतं. पण साहेबाच्या हातात अजून आमचाच पाव होता.

"तसा... वारा येतो थोडा," ती म्हणाली.

"लाकडी घरात येणारच की."

"हो, येणारच. सगळ्यांचं असंच आहे. चाललंय आपलं. युद्ध नसलं म्हणजे झालं." आमच्या पिढीच्या तोंडून हे आपोआप निघतं. हल्ली युद्ध चालू आहे आणि तो शब्दच उच्चारायचा नसतो, हे तिला मागाहून आठवलं. साहेबाने कागदात डोकं घातलं आणि सही केली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. घराची झीज अठ्ठावन्न टक्के, घर राहण्यास योग्य, पुढची तपासणी सहा वर्षांनी. कापा तेव्हा एक्क्याऐंशीची होती. कुझ्मिचने कागद वाचला, घडी घातली आणि तो टेबलावर ठेवला. त्यापेक्षा त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मी गालिचा उतरवला, कुझ्मिचच्या मोबाइलवर भेगेचा फोटो काढला आणि बसने तालुक्याला गेले. ऑफिसच्या खिडकीतल्या मुलीने फोटो पाहिला. "कमिटीच्या अहवालात भेग नाही. म्हणजे नंतर पडली. म्हणजे घर नीट न राखल्याची जबाबदारी तुमची."

कापाला मी सांगितलं, ऑफिस बंद होतं.

"बंद ऑफिसातून निघायला तुला चार तास लागले, फाया?" तिने विचारलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर तिने पत्र लिहिलं नाही.

मार्चमध्ये निवडणूक आली. चालता न येणाऱ्यांकडे मतपेटी घरी आणतात. दोन बायका पेटी घेऊन चिखल तुडवत आल्या. कापाने पलंगावर उठून बसून, बोट ठेवून नावं वाचली आणि दर वेळी करते तिथेच खूण केली.

"कापा, अजूनही?" मी हळूच विचारलं.

"मग कुणाला देऊ? बाकीच्यांना मी ओळखत पण नाही. आणि बघ ना, या बिचाऱ्या किती लांबून आल्यात."

मग माझा कागद. बाकीची नावं वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा पलीकडे माझ्या खोलीत होता. मीही तिथेच खूण केली.

बाहेर पडून त्यांनी कुझ्मिचचं दार वाजवलं.

"घरी कुणी नाही!" तो आतून ओरडला.

"घरी नाही," एक बाई म्हणाली, आणि दुसरीने तसं लिहून घेतलं.